यमूबाय खोटं बोलत नव्हती

जान्या हमाल वखारीच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा काट्यावर गवताची गासडी चढलेली होती. डोक्याला गुंडाळायचं फडकं त्याच्या हातात होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. तरीसुद्धा मी दांडी स्थिर होऊ दिली, वजन मोठ्याने सांगितलं, गासडी खाली उतरवायला लावली आणि मगच उठलो. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना कुणी मला भाबडा, बहिणीच्या मायेने व्याकुळ झालेला भाऊ समजू नये. "घरी चला, काटेवाले," एवढंच जान्या म्हणाला. घर वखारीच्या मागेच, पन्नास पावलांवर. ती पन्नास पावलं मी चालत गेलो, धावलो नाही.

यमूबाय माझी थोरली बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बायच म्हणतात. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आणि बारा वर्षांच्या बायने मला जे कमरेवर घेतलं ते शाळेत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही, असं आमच्या केळव्याचे लोक अजून सांगतात. वडील दुसऱ्याच्या वाडीत राबायचे, सुपारी आणि केळीची वाडी. बाय त्यांच्याबरोबर जायची. केळीचा अख्खा लोंगर डोक्यावर घेऊन ती बाजारात जायची आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी मान न हलवता गप्पा मारायची. अंगाने दांडगी होती. हसायला लागली की तिसऱ्या घरात ऐकू जायचं. आणि जेवायची मन लावून. थंडीत मडक्यात कंद आणि शेंगा घालून उकडहंडी लावली की बाय मडक्याशेजारून हलायची नाही. तांदळाच्या चार भाकऱ्या आणि वर सुकटीचं कालवण ती सहज संपवायची, आणि संपवल्यावर बोटं चाटून म्हणायची, "आता बाल्याला डोक्यावर घेऊन मी पालघरला जाऊन येते." बाल्या म्हणजे मी. एकदा खरंच गेली. मला मुदतीचा ताप आला होता, गाडी मिळत नव्हती. मला पाठीला बांधून ती केळव्याहून पालघरच्या दवाखान्यापर्यंत चालली. मी नऊ वर्षांचा होतो, काही अगदी काटकुळा नव्हतो. पण मी जड आहे असं ती एकदाही म्हणाली नाही.

तिचं लग्न एडवणला झालं. मूल झालं नाही, त्याबद्दल सासरी जे ऐकावं लागतं ते ती ऐकत होती. बत्तिसाव्या वर्षी गवताने भरलेल्या गाडीवर बसून शेतावरून येत असताना ओहोळाच्या उतारावर गाडी कलंडली. बाय खाली, गवत आणि गाडीचा कठडा तिच्यावर. वर काढलं तेव्हा ती हसत म्हणाली म्हणे, "माजे पाय कोनी घेतले?" कमरेखाली जीवच उरला नव्हता. दोन महिन्यांनी तिचा नवरा तिला आणि तिच्या पत्र्याच्या ट्रंकेला बैलगाडीत घालून बोईसरला आमच्याकडे आला. "जरा बरी झाली का घेऊन जातो," असं बोलला. बायने त्याला पाणी दिलं का म्हणून विचारलं, इतकंच. पुढच्या वैशाखात त्याने दुसरं लग्न केलं.

मी तेव्हा बोईसरच्या एका गवताच्या वखारीत काटेवाला होतो, अजूनही आहे. डोंगरातून, जव्हार-विक्रमगडच्या बाजूने गवत यायचं, ते दाबून गासड्या बांधायच्या, तोलायच्या आणि वॅगनीत भरायच्या. तारापूरच्या बाजूला वीजकेंद्राचं काम सुरू झालं होतं. आमच्या रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक जायचे आणि कानावर मराठीइतकीच हिंदी पडू लागली होती. तोलण्यात माझा हात धरणारा या भागात कुणी नव्हता. काही गाडीवाले गवतावर पाणी मारून आणायचे, वजन वाढावं म्हणून. मी गासडीत कोपरापर्यंत हात घालायचो आणि ओल लागली की अख्खी गाडी परत पाठवायचो. मला फसवणं शक्य नाही, अशी माझी ख्याती होती. ती मला आवडायची.

आठवड्यातून एकदा पालघरहून डॉक्टर यायचे. त्यांनी बायला तपासलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "ह्या आता उठणार नाहीत. दर दोन तासांनी कूस बदला, नाही तर पाठीला जखमा होतील. आणि वजनावर लक्ष ठेवा. पडून राहणारं माणूस फुगलं तर उचलता येत नाही, आणि वाळलं तर हाडं कातडीतून बाहेर येतात. महिन्याला एकदा वजन घेत जा." उभं राहू न शकणाऱ्या माणसाचं वजन कुठे घ्यायचं हे त्यांनी सांगितलं नाही. मला विचारायची गरजच वाटली नाही. माझ्याकडे काटा होता.

तो काटा म्हणजे आढ्याच्या तुळईला टांगलेली लोखंडी दांडी. एकीकडे वजनं ठेवायचं पारडं, दुसरीकडे चार साखळ्यांना लटकवलेली फळी. रविवारी वखार बंद असायची, पण हमाल तिथेच राहायचे. पहिल्या रविवारी जान्या आणि दुसरा एक हमाल बायला गोधडीत घालून, गोधडीची चार टोकं धरून घेऊन आले आणि फळीवर ठेवलं. फळी झुलली. बायने दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. तिचे पाय फळीवरून एका बाजूला लोंबत होते, ते जान्याने उचलून नीट वर ठेवले, जशी झोपलेली मुलं ठेवावीत. हिशेबासाठी आलेले वखारीचे शेठ गादीवर बसून पाहत होते. मी वजन घेतलं, गोधडीचं वजा केलं, आणि म्हटलं, "साठ किलो." शेठ म्हणाले, "अरे, पायांचं बारदान पण वजा कर ना." बारदान म्हणजे मालाभोवतीचं गोणपाट, जे मालात धरत नाहीत. सगळे हसले. मीही हसलो... बायने माझ्याकडे पाहिलं. मग तीही हसली, मोठ्याने, पूर्वीसारखी, आणि म्हणाली, "शेठ, अर्ध्या भावात न्या."

घरी बायचं सगळं माझी बायको सरू करायची. हागणं-मुतणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं. मी वखारीत. आढ्यावरून एक दोर सोडला होता, तो धरून बाय वरचं अंग उचलायची आणि सरू खालून ढकलायची. दोघींचं बरं जमायचं. "वन्सं, उचला," सरू म्हणायची. "उचलते गं, पन माजी खालची बाई ऐकत नाय," बाय म्हणायची. लग्नानंतर सहा वर्षांनी सरूला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी बायला भांड्यावर बसवताना सरूच्या पोटात कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. सुईण म्हणाली, जड उचलल्यामुळे. बाय पलीकडच्या खोलीत पडून सगळं ऐकत होती. त्या संध्याकाळी मी तिच्या खाटेजवळ गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की बायचं वजन उतरवायचं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना, फुगू देऊ नका म्हणून. चार भाकऱ्यांच्या दोन केल्या. भात बंद. मासळी फक्त रविवारी. बाय काही बोलली नाही. सरूचं मूल गेलं होतं, काय बोलणार? महिन्याने काट्यावर घेतली तर दोन किलो उतरली होती. मी खूश झालो. "शाबास," म्हणालो. पुढच्या महिन्यात आणखी. काही महिन्यांत ती बावन्नवर आली. प्रत्येक वेळी मी आकडा सांगायचो आणि बाय माझ्या तोंडाकडे बघत असायची, मी खूश आहे की नाही ते. एकदा ताटात अर्धी भाकरी ठेवून ती म्हणाली, "नको, पुढच्या रवारी काटा हाय." पाठीला माकडहाडावर जखम झाली होती, ती भरत नव्हती. सरू रोज धुवायची, हळद लावायची. मांसच नाही तर भरणार कशाने, हे आता कळतं.

आणि मग वजन वाढायला लागलं.

चौपन्न. मी म्हटलं, काट्यात चूक असेल. पुन्हा केलं, चौपन्न. पुढच्या महिन्यात सत्तावन्न. मी दोनाची एक भाकरी केली. डॉक्टर बोईसरला आले की मी दवाखान्याच्या दारातूनच त्यांना आकडा सांगायचो. ते दुसऱ्या रोग्याची नाडी धरून म्हणायचे, "वाढतंय? मग खाणं कमी करा." त्यांनी बायला दीड वर्षात पाहिलं नव्हतं. मी दाखवलं नव्हतं. आकडा होता ना.

एका भाकरीवर माणसाचं वजन वाढेल कसं? मला एकच उत्तर सुचत होतं. बाय चोरून खाते. तिची खाण्याची आवड मला लहानपणापासून माहीत होती. शेजारची काशी दुपारी तिच्याजवळ येऊन बसायची, दोघी सुपं पाखडत गप्पा मारायच्या. काशीच आणून देत असणार. मी काशीला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही. सरूला विचारलं, तू देतेस का? सरू म्हणाली, "देवाशपथ, नाही. मला काय तिला उचलायची हौस आहे?" भाकऱ्यांची टोपली मी शिंक्यावर वर चढवली. बायने वर बघितलं. "बाल्या, मला उटता येत नाय. टोपली कुटं बी ठेव, तितंच हाय माज्यासाठी." मी म्हटलं, "हात तर पोचतात ना?"

माघ महिन्यातला तो रविवार. हमाल होते, एक-दोन गाडीवालेही आलेले होते. बायला फळीवर ठेवलं. एकेक वजन मी पारड्यात टाकत गेलो आणि दांडी हलेना. साठ. जिथून सुरुवात केली होती तिथेच. माझ्या डोक्यात काहीतरी भडकलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "बाय, कोण देतं तुला खायला?"

"कोन नाय रं."

"मग हे कुठून आलं?"

"मला काय ठाव? मी एकच भाकर खाते. ती बी कदी राहते."

"काटा खोटं बोलतो का?"

तिने साखळी घट्ट धरली. फळी थोडी थोडी झुलत होती. मी म्हटलं, "काटा खोटं बोलत नाही. तू बोलतेस. सरूचं मूल गेलं तुला उचलून, तरी तुझे जिभेचे चोचले सुटत नाहीत. चोरटी आहेस." एक गाडीवाला हसला. बायच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीट पाहिलं, कारण मी तिच्या समोर हातभर अंतरावर उभा होतो. ती म्हणाली, "उतरवा मला."

तिला गोधडीत उचलताना जान्या थांबला. त्याने तिची पोटरी हाताने दाबली, मग सोडली. घरी पोचवून परत आल्यावर तो मला म्हणाला, "काटेवाले, बाय जड नाय झाली. पानी हाय तिच्या पायांत. वरती उचलली तं हलकी लागते, खालती जड. भिजल्या गवतावानी." मी त्याला म्हटलं, "तू हमाल आहेस, हमाली कर." ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गवतात ओल शोधली, त्याला आपल्या बहिणीच्या पायाला हात लावावासा वाटला नाही. वर तिचे हात काटक्यांसारखे झाले होते. गालांची हाडं दिसत होती. मला दिसत होती. पण साठ किलो भरले होते.

तीन आठवड्यांनी तिला ताप भरला तेव्हा मी डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी पांघरूण बाजूला केलं, अंगठ्याने नडगी दाबली आणि अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला. मी त्या खड्ड्याकडे बघत होतो. तो भरून यायला कितीतरी वेळ लागला. डॉक्टरांनी कुशीवर वळवून जखम पाहिली आणि त्यांचा आवाज चढला. "हे वजन आहे होय? हे पाणी आहे. अंगात कस नसला की असं पाणी भरतं. ही बाई उपाशी आहे. तुम्ही हिला उपाशी मारलीत." मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात, खाणं कमी करा." ते म्हणाले, "तुम्ही मला आकडा सांगत होतात. बाई कधी दाखवलीत?" दोघंही खरं बोलत होतो. सरू दाराला टेकून उभी होती, तिने पदर तोंडात कोंबला होता.

त्यानंतर बाय नऊ दिवस होती. आम्ही काय काय केलं! दूध, अंडी, पापलेटचं कालवण, मऊ भात. सरू चमच्याने भरवायची आणि ते ओठाच्या कोपऱ्यातून परत यायचं. काशीला मी स्वतः जाऊन बोलावून आणलं, ती आली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. पहिल्या संध्याकाळी मी खाटेजवळ बसलो. बाय म्हणाली, "मी खोटं नव्हते बोलत."

"नाही, बाय."

"मंग सांग तसं."

"कुणाला?"

"काट्यावर व्हते त्या सगल्यांना. माज्या तोंडावर बोललास ना सगल्यांसमोर? तसंच सांग. यमूबाय चोरटी नाय म्हनावं."

मी म्हटलं, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी वखारीत गेलो. हमाल होते, गाडीवाले होते, शेठ होते. काम चालू होतं. दहादा तोंड उघडलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि मी ज्या काट्याजवळ उभा राहून वर्षानुवर्षं मिजास केली त्याच्याबद्दलच मला बोलावं लागलं असतं... नाही सांगितलं. संध्याकाळी बायने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "हो." तिने डोळे मिटले. पुढचे पाच दिवस ती रोज विचारायची, "काय बोलले ते?" आणि मी रोज काहीतरी बनवून सांगायचो. शेठ हळहळले म्हणायचो. तो हसलेला गाडीवाला कानाला हात लावत होता म्हणायचो. तिला ते फार बरं वाटायचं. तेवढं एकच तिच्या गळ्याखाली उतरत होतं.

आठव्या दिवशी जान्या ताडगोळे घेऊन आला. सोलून, नखाने साल काढून, पांढरा गर त्याने बायच्या तोंडात घातला आणि तिने तो गिळला. नऊ दिवसांत गिळलेली तेवढीच एक वस्तू. मी वखारीतून नुकताच आलो होतो, उंबऱ्यात उभा होतो. बाय त्याला म्हणाली, "जान्या, शेठ काय बोलले रं, बाल्यानी सांगितल्यावर?"

"काय सांगितल्यावर, बाय?"

"मी चोरून नाय खाल्लं ते."

जान्याला खोटं बोलता येत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "काटेवाले कायच नाय बोलले, बाय. मी रोज तितंच असतो."

बायने दोर धरला. त्या हातांत जीव उरला नव्हता, तरी तिने दोर धरला आणि वरचं अंग भिंतीकडे वळवलं. पाय तसेच उलटे राहिले, पिळल्यासारखे. सरू ते नीट करायला गेली तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मी खूप बोललो. पायांवर डोकं ठेवलं, पण त्या पायांना काही कळत नव्हतं. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी वखारीत असताना, गेली. स्मशानात नेताना एका खांदेकऱ्याने खांदा बदलला आणि म्हणाला, "जड आहे हो." मी तेव्हाही गप्प राहिलो.

तेराव्यानंतर कामावर गेलो त्या दिवशी मात्र मी काट्याजवळ उभा राहिलो आणि सांगितलं. माझी बहीण चोरून खात नव्हती, ती उपाशी होती, तिच्या अंगात पाणी झालं होतं, मी तिला सगळ्यांसमोर चोरटी म्हणालो ते खोटं होतं. आवाज बरा निघाला. शेठ म्हणाले, "जाऊ दे आता, होतं असं." हमालांपैकी दोघं नवीन होते, त्यांना काही माहीत नव्हतं. तो गाडीवाला त्या दिवशी आलाच नव्हता. जान्या गासडीला हात लावून उभा होता. तो म्हणाला, "लावू का?" मी म्हटलं, लाव.

हे तेवढ्याने फिटलं असं मला वाटत नाही, म्हणून ते इथे लिहून काढलं. केळव्यात, एडवणात, पालघरात तिला ओळखणारी माणसं आहेत. यमूबाय चोरटी आहे हे जिथवर पोचलं असेल तिथवर हेही पोचावं.

गेल्या आठवड्यात वीजकेंद्राच्या कामावरचा एक वेल्डर खोली बघायला आला. बायची खोली भाड्याने द्यायची असं सरूने ठरवलं आहे, मला विचारलं नाही. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. माणूस सज्जन दिसला, कुठून तरी उत्तरेकडून आलेला. त्याने खिडकी उघडून पाहिली, भिंत हाताने चाचपली आणि खाटेवर बसला. खाटेचा काथ्या मधोमध इतका खाली गेला आहे की तो माणूस जवळजवळ जमिनीला टेकला. "अरे बाप रे," हसत म्हणाला, "इस पे कोई मोटा आदमी सोता था क्या?"

सरू दारात होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "माझी बहीण झोपायची. उपाशी."

त्याला ते नीट कळलं नसावं. मान हलवून तो उठला आणि रस्सी कब कसवा देंगे, असं विचारू लागला.